मिशीची परवानगी

गुरुदत्त टबातून वर आला तेव्हा पाण्याखाली बघायच्या मास्कमध्ये पुन्हा नाकापर्यंत पाणी होतं. त्याने मास्क ओढून काढला, खोकला आणि मास्क विकणाऱ्या दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली.

ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या त्या घराचं सगळं कुटुंब बाथरूममध्ये जमलं होतं. त्याची बायको स्नेहलता कमोडच्या झाकणावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मुलगी इरा टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून टबाच्या काठावर आपल्या नंबराची वाट बघत होती. नाताळच्या सुट्टीत बार्बाडोसला जायचं होतं. ऑकलंडला चहूबाजूंनी समुद्र असताना दुसरा समुद्र बघायला अर्धी पृथ्वी ओलांडायची, हा शहाणपणा गुरुदत्तचाच. लहानपणी गावाकडे दिवसभर नदीत डुंबून झाल्यावर रात्री वडिलांशेजारी बसून त्याने बार्बाडोसच्या क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली होती, तेवढं कारण त्याला पुरलं. इराला क्रिकेटशी काही देणंघेणं नव्हतं. तिला पाण्यात उतरून कासवं बघायची होती, आणि तीही बाबाबरोबर.

स्नेहलताने चार बोटी पारखून एक निवडली होती. सकाळी धक्क्यावरून निघणारी, कासवांपाशी आणि मग एका बुडालेल्या जहाजापाशी थांबणारी, जेवण बोटीवरच. आता पाण्यात कोण उतरणार आणि बोटीवर कोण बसणार, एवढंच कळवायचं राहिलं होतं. स्वतःपुरतं तिने केव्हाच ठरवलं होतं. ती सावलीत बसून नारळपाणी पिणार होती.

मास्कचा पट्टा आवळून झाला होता, व्हॅसलिन थापून झालं होतं. पाणी काही ऐकत नव्हतं.

"सापडलं," स्नेहलता लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली. "मास्कचा दोष नाही. तुझ्या मिशीतून पाणी शिरतंय. काढून टाका म्हणतायत इथे."

गुरुदत्तची मिशी कॉलेजात उगवली तेव्हापासून तशीच होती आणि ईस्ट टामाकीतल्या त्याच्या कारखान्यात लोक त्याला तिच्यावरूनच ओळखत. पण प्रश्न शोभेचा नव्हता. आई-वडील हयात असताना त्याच्या घरात मुलगे मिशी काढत नसत. ती कधी काढायची हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. गुरुदत्त यंत्रं डिझाइन करणारा माणूस, असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. फक्त तो त्या मोडत नव्हता, एवढंच.

"मी बसतो बोटीवर," तो म्हणाला. "इरा, तू गाइडबरोबर जा."

"देन आय वोन्ट गो आयदर," इरा म्हणाली आणि तिने टॉवेल गुंडाळून घेतला. तिच्या आवाजात हट्ट नव्हता, म्हणून ते त्याला जास्तच लागलं.

स्नेहलता म्हणाली, अण्णांनाच विचार. वडिलांना हे विचारणं गुरुदत्तला अशक्य वाटलं. अण्णा, तुम्ही आहात तोवर, अशी सुरुवात करून ते वाक्य संपवायचं कुठे? पण तिने तोवर व्हिडिओ फोन लावलासुद्धा आणि इराच्या हातात दिला.

साताऱ्याकडच्या त्यांच्या गावी तेव्हा सकाळ होती. राजारामअण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. गुरुदत्तने त्यांना गुडघा विचारला, थंडी विचारली, ऊस विचारला.

"टबात बसून उसाची चौकशी करतोयस," अण्णा म्हणाले. "काय असेल ते बोल की."

शेवटी इराच बोलली. "आजोबा, बाबाला मिशी काढायचीय. बट ही थिंक्स देन यू विल डाय."

गुरुदत्तने डोळे मिटून घेतले. स्नेहलता लॅपटॉपच्या आड गेली. अण्णांनी पेपर खाली ठेवला, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. ठसका गेल्यावर त्यांनी कासवांची सगळी हकिकत इराकडून ऐकून घेतली. तिचं इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धंच कळलं, पण तिचे हात त्यांना पुरेसे होते. कासवं चावत नाहीत ना, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

"मी गेल्यावर तो चेहरा सगळी भावकी बघणार," ते गुरुदत्तला म्हणाले, "आणि मीच तेवढा नसणार. आत्ता काढ, माझ्यासमोर. मला बघू दे की."

गुरुदत्तला भरून आलं आणि हसूही आलं. स्नेहलताने आधी कात्री आणि मग रेझर स्वतःच हातात घेतला. अण्णा फोनमधून सूचना देत होते आणि ती त्यातली एकही ऐकत नव्हती. बेसिनमध्ये काळेपांढरे केस पडत गेले.

मग त्याने मास्क चढवला आणि टबात बुडी मारली. बराच वेळ तो वर आलाच नाही. आला तेव्हा मास्क आतून कोरडा ठणठणीत होता. इरा म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास, आणि स्नेहलताने पाण्यात उतरणारे दोघे असं कळवून टाकलं.

गुरुदत्तने मास्क काढला. नाकाखालची कातडी पांढरीफटक दिसत होती आणि केसांतून पाणी गळत होतं. इराने फोन त्याच्या तोंडाशी धरला. अण्णांनी आपला फोन इतका जवळ घेतला की पडद्यावर त्यांचा एक डोळा आणि पांढरी भुवईच काय ती उरली. ते बराच वेळ बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी आत गुरुदत्तच्या आईला हाक मारली.

"अगं शांता, गुरू नदीवरनं पोहून आलाय. टॉवेल आण त्याला."