फुंकणी

शिपायांनी लाथा घालून दार पाडलं, गाद्या संगिनींनी फाडल्या, डब्यांतलं पीठ जमिनीवर ओतलं. हाती काही लागलं नाही. सून भिंतीला टेकून उभी होती. पिस्तूल आणि काडतुसं तिने मेणकापडात गुंडाळून चुलीतल्या राखेखाली पुरली होती. पुरुषमाणूस काही चुलीत हात घालत नाही, हा तिचा अंदाज बरोबर ठरत होता. सासूला यातलं काही माहीत नव्हतं. सासूला सांगणं म्हणजे गल्लीत दवंडी पिटणं, आणि दोघींचं हाडवैर तर गल्लीला पाठच होतं.

"चल, चहा टाक," स्टूल ओढून बसत अधिकारी म्हणाला.

पुरुष चुलीत हात घालणार नाही, पण चहा मागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी याच माणसाच्या हुकमाने तिच्या नवऱ्याला चौकात गोळी घातली होती.

"सरपण ओलं आहे," ती म्हणाली.

एका शिपायाने बंदुकीचा दस्ता तिच्या पोटात हाणला. ती कळवळत चुलीपाशी बसली. काडेपेटी उचलली. उडू देत सगळेच, असं तिने मनाशी ठरवलं.

"माझ्या चुलीला हात लावतेस, अवदसे?" सासू कोपऱ्यातून ओरडत आली. "माझं पोर खाल्लंस, आता घर खायला निघालीस?"

तिच्या हातात लोखंडी फुंकणी होती. पहिला फटका काडेपेटी धरलेल्या हातावर बसला आणि काड्या घरभर उडाल्या. दुसऱ्या फटक्याला हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सून किंचाळली. सासूने तिला केस धरून फरफटवलं. त्या झटापटीत पाण्याची घागर लवंडली आणि चुलीत नुसता चिखल झाला.

शिपाई पोट धरून हसले.

"चला रे," अधिकारी उठला. "ही लढाई आपल्या आवाक्यातली नाही."

जाताजाता एकाने गंमत म्हणून म्हातारीच्या तोंडावर दस्ता मारला.

पावलं लांब गेली. सासूने दोन दात थुंकले, मोडक्या दाराची एक ढलपी आणली आणि फाटक्या चादरीच्या चिंधीने सुनेचा हात बांधायला बसली. सुनेला इतका संताप आला होता की रडूही फुटेना.

"पहिल्याच फटक्यात काडेपेटी उडाली होती, आई."

"दुसरा माझ्या पोरासाठी होता. तुझ्या नादाने गेला तो."

सासूने गाठ आवळली. मग कोपरापर्यंत हात चुलीतल्या चिखलात घातला, न चाचपडता गाठोडं बाहेर काढलं आणि सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"म्हणून डाव्यावरच मारलं," रक्ताळल्या तोंडाने ती म्हणाली. "संध्याकाळी त्या साहेबाची गाडी चौकातून जाते. उजवा हलतोय ना?"