वरणातलं बी

"आणि खुनी निघाली दिपमाला, त्याची स्वतःची बायको!" शेवटचं वाक्य वाचून सुनिताने कागद खाली ठेवले आणि समोरच्या बायकांकडे पाहिलं.

कोणी दचकलं नाही. अंगणवाडीच्या ओसरीवर गावातल्या पाचसहा जणी मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात चालूच राहिले. धुळ्याच्या एका दिवाळी अंकाने रहस्यकथांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यासाठी अंगणवाडीच्या सुनिताने रक्त आटवून हा खून रचला होता. ज्याच्यावर कोणाचाच संशय जाणार नाही तोच खुनी, हा एकच नियम तिला ठाऊक होता आणि तो तिने इमानेइतबारे पाळला होता.

"मुडदा विहिरमा टाका म्हने," म्हातारी तानुबाई म्हणाली. "मंग बठ्ठं गाव पाणी कोठून पिई?"

हशा पिकला.

"अन् रातले वढत लई जाई तं कुत्रा गप बसतीन का?" दुसरीने विचारलं.

"अहो, गोष्ट आहे ती!" सुनिता कावली. "कुत्री काढून टाकते. विहीर कोरडी करते. पण खून कसा वाटला ते सांगा. वरणात रानातलं बी वाटून घातलं, नवरा जेवला आणि जागीच आडवा!"

"तेवढामा माणूस मरत नही, ताई."

बोलली रुख्माबाई. चारचौघीत कधी तोंड न उघडणारी. मान खाली घालून ती फुलांतल्या काड्या वेचत होती.

"उल्ट्या व्हतस. दोन दिन. अन् मंग ती घान आपलेच पुसनी पडस."

तानुबाईचं हसू ओठांवरच राहिलं. सुनिताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सगळ्यांचे थांबलेले हात पाहिले तेव्हा तिला कळलं, बरोबरच ऐकलं.

"रुख्माबाई... तुम्हाला कसं..."

"चाल वं. उशीर व्हयी ग्या."

ओसरीखाली रुख्माबाईचा नवरा कुवरसिंग उभा होता. आडदांड माणूस. दारू प्यायला की तो बायकोला कसा झोडपायचा, ते या सगळ्या जणींनी आपापल्या घरात बसून ऐकलेलं होतं. गेली दोनतीन वर्षं त्या घरातून आवाज येत नाही, हे सुनिताच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

काहीतरी बोलायचं म्हणून तिच्या तोंडून निघून गेलं, "या ना, कुवरभाऊ. चहा झालाय."

म्हटलं आणि तिने जीभ चावली.

तो वर आला. कप घेतला, उभ्या उभ्या रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"घरमा तं बठ्ठं रांधनं मीच करस, ताई," तो म्हणाला. "चहा बी."

एकीनेही मान वर केली नाही. रुख्माबाई उठली. फुलांची टोपली तिने नवऱ्याच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि जाता जाता सुनितापाशी क्षणभर थांबली.

"चांगलं रांधस," ती म्हणाली. "मीठ तेवढं जरा जास्त पडस."