जावाची तुकडी

मॅडमनी टेबलावर दोन याद्या ठेवल्या. सकाळच्या तुकडीला पायथन, दुपारच्या तुकडीला जावा. तुरुंगात संगणकाच्या भाषांचे वर्ग सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि दोन्ही तुकड्यांत एकेक खुर्ची रिकामी होती.

"पायथन सोपी आहे," त्या समोर उभ्या कैद्याला, वेल्डरला, म्हणाल्या. "नवख्याला लवकर जमते. जावात लिहावं जास्त लागतं, चुकाही जास्त निघतात. पण वर्षअखेरीला कंपनीची माणसं परीक्षा घ्यायला येणार आहेत, त्यांना जावावालेच हवेत. पहिल्या सहा जणांना सुटतील त्या दिवशी नोकरी."

"त्याच दिवशी?"

"फाटकावर न्यायलाच येतील."

वेल्डर आठ महिन्यांनी सुटणार होता. मागच्या खेपेला सुटला तेव्हा फाटकावर जुन्या टोळीची गाडी उभी होती आणि चौथ्या दिवशी त्याच्या हातात सुरा होता. या खेपेला तिथं दुसरं कोणीतरी उभं असायला हवं होतं. नाहीतर सुटण्यात काही अर्थ नव्हता.

खोली झाडायला आलेला मामा केरसुणी ओढत त्याच्याजवळ सरकला. जन्मठेपेचा म्हातारा, साऱ्या बराकीचा मामा.

"गुपचूप सोपी घे," तो पुटपुटला. "दुपारी शिवण्या असतो."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणे! साधा अर्ज माझ्याकडून लिहून घेतोस आणि निघालास अवघड भाषा शिकायला. तीही त्याच्याकडे पाठ करून!"

शिवण्याचा गाल ओठापासून कानापर्यंत वेल्डरनंच फाडला होता. दोन वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात, फरशीवर घासून धार काढलेल्या चमच्यानं. टाके वेडेवाकडे पडले आणि नाव तेच चिकटलं. तेव्हापासून दोघांच्या बराकी वेगळ्या, आंघोळीच्या वेळाही वेगळ्या. मॅडमना हे कोणी सांगितलं नव्हतं.

वेल्डरनं जावाच्या यादीखाली सही केली.

शिपायाला दारातून सगळे पडदे दिसावेत म्हणून आठही संगणक समोरच्या भिंतीला लावलेले होते. त्यामुळे बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ उघडी. या तुरुंगात माणसं घास घेतानासुद्धा भिंतीला टेकून बसत. शिवण्या कडेच्या खुर्चीवर होता. रिकामी खुर्ची मधली होती. नियम दारावर चिकटवलेला: मारामारी करणाऱ्याचं नाव कायमचं कटणार, सुरुवात कोणीही केलेली असो.

दुपारी पंधरा मिनिटं बरी गेली. मग मॅडम छापील पानं आणायला कचेरीत गेल्या. दारातल्या शिपायानं जांभई देत मान व्हरांड्याकडे वळवली. ती सहज वळली की ठरवून, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

खुर्ची सरकल्याचा आवाज वेल्डरला आला. वळायला सवड मिळाली नाही. मुठीत केस धरले गेले आणि त्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर आदळलं. दुसऱ्यांदा नाक. तिसऱ्यांदा दात तुटल्याचं आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

"ऊठ," शिवण्या त्याच्या कानाशी म्हणाला. "मार की. चमचा नाही आणलास आज?"

वेल्डरच्या मुठी आपोआप वळल्या होत्या. कोपर नुसतं मागं हाणलं असतं तरी शिवण्याची बरगडी मोडली असती. त्यानं मुठी उघडल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. शिवण्यानं कुशीत गुडघा घातला. मग आणखी एकदा, जोर लावून. बाकीचे सहा जण पडद्यात नाक खुपसून बसले होते. एकाची बोटं तर टाइप करतच राहिली, काहीही, नुसतीच.

व्हरांड्यात मॅडमच्या चपला वाजल्या, तोवर शिवण्या जागेवर जाऊन बसला होता.

पानं मॅडमच्या हातातून खाली पडली. शिपाई दंडुका काढून आत आला.

"कोण? नाव घे. आत्ता घे, आत्ता तो वर्गाबाहेर. नाही घेतलंस तर उद्यापासून वर्गच बंद. सगळ्यांचा!"

एक नाव. तेवढं घेतलं की सहा जागांमागे धावणारा एक गडी कमी. आणि नाव घेणारा बराकीत किती दिवस टिकतो, तेही वेल्डरनं पाहिलं होतं.

"मीच," तो म्हणाला. रक्त हनुवटीवरून कीबोर्डवर ठिबकत होतं. "प्रोग्रॅम चालेना. डोकं फिरलं. आपटून घेतलं."

शिपायानं कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, तोंड पाहिलं. "तीन वेळा?"

"तीनदा चालला नाही."

कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. शिपायानंही दंडुका खाली घेतला.

मॅडमनी आपला रुमाल वेल्डरच्या नाकाशी धरला. "अहो, पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही. इतकं मनाला लावून घ्यायचं? अजून वेळ गेलेली नाही. सकाळच्या तुकडीत घालू का नाव? सोपं जाईल तुम्हाला."

वेल्डरनं तुटका दात तळहातावर थुंकला आणि खिशात टाकला.

"नको, मॅडम. हीच."

हसणं थांबलं. कडेच्या खुर्चीवरून शिवण्यानं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. त्याच्या बोटांत अजून दोन-चार केस अडकलेले होते.

"मॅडम, ह्याला माझ्या शेजारी बसवा," तो म्हणाला. "मी शिकवतो."

मॅडमचा चेहरा उजळला. वेल्डरनं आपली खुर्ची उचलली आणि शिवण्याच्या शेजारी नेऊन ठेवली.