वडिलांच्या नावाआधीचा शब्द

"ताई, दाखल्यावर वडिलांच्या नावाआधी 'लेट' लिहिलंय. जर्मनमध्ये याचं काय करू?"

पुण्याहून भाषांतरकाराचा फोन होता. वृषाली आळेफाट्याला निमगाव साव्याच्या गाडीत चढत होती. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलात तिला नर्सची नोकरी लागली होती. शाळेच्या दाखल्यापासून सगळे कागद जर्मन करून द्यायचे होते.

"इंग्रजीत एकाच शब्दात भागतं," तो म्हणाला. "जर्मनमध्ये दोन आहेत. उशीर झालेल्याला श्पेट, वारलेल्याला फेअरश्टॉर्बन."

"वारलेत. फेअरश्टॉर्बन लिहा."

तो शब्द तिला पाठ होता. क्लासमध्ये घरच्यांची ओळख करून देताना 'माझे वडील वारले' हे वाक्य तिनं कितीदा म्हटलं होतं. व्याकरण कधी चुकलं नाही, आणि आत कधी काही हललंही नाही.

"मग मृत्यूचा दाखला जोडावा लागेल," तो म्हणाला.

वृषाली मामाच्या घरी वाढली होती. वडील मेंढरं घेऊन माळशेज घाटाखाली उतरले तेव्हा ती पाच वर्षांची होती. नंतर कुणी विचारलं की आई एवढंच म्हणायची, "ते गेले." आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मामा पितरांच्या पंधरवड्यात आजोबांचं पान वाढायचा, त्यातच वृषाली वडिलांचंही धरायची. आणखी काही विचारावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

घरी आली तेव्हा तिची आई सारजाबाई कांद्याच्या चाळीपुढं कांदा निवडत बसली होती.

"आई, वडिलांचा मृत्यूचा दाखला कुठंय?"

"न्हाई."

"हरवला?"

"काढलाच न्हाई."

"मग आता काढू. तारीख सांग, मी ऑफिसात जाऊन येते."

सारजाबाईनं एक नासका कांदा उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. मग ती खाली बघतच बोलायला लागली.

"तुला शाळंत घालायचं व्हतं. बापाची सही लागती म्हणून मी त्यांना निरोप धाडला व्हता. येतो म्हनले. सकाळधरनं आपण दोघी हापिसाच्या पायरीवर बसलो. दुपारी मास्तर फॉर्म घिऊन आला. म्हनला, पोरीचा बाप कुठाय? मी म्हनलं, लेट हायेत. येतील. त्यानं मान हलवली आन् तसंच लिव्हलं. लई गरीब व्हता मास्तर. माझ्याकडनं फी बी घेतली न्हाई त्यानं."

वृषाली उभीच होती. त्या पायरीवर आपण बसलो होतो, हे ती आठवून बघत होती. काही आठवत नव्हतं.

"तुला कधी कळलं, काय लिहिलंय ते?"

"तू चौथीत व्हतीस. स्कॉलरशिपच्या वक्ताला बाईंनी सांगितलं."

"मग बदललं का नाहीस?"

"बदलायला बी त्यांचीच सही लागत व्हती."

वाऱ्यानं कांद्याची टरफलं अंगणभर उडाली. दोघींपैकी कुणीही ती गोळा करायला उठलं नाही. वृषालीला वाटलं, आता आपल्याला रडू येईल किंवा राग तरी येईल. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. तिनं फोन काढला.

"सर, तो शब्द काढून टाका. नुसतं नाव लिहा, मच्छिंद्र."

"म्हणजे? वडील हयात आहेत?"

वृषालीनं आईकडं पाहिलं. सारजाबाईनं मान हलवली.

"हो. हयात आहेत."

"बरं झालं. दाखल्यावरची चूक शाळेतून दुरुस्त करून घ्या. पण मग व्हिसाच्या फॉर्ममध्ये त्यांचा राहण्याचा पत्ता भरावा लागेल. आहे का तुमच्याकडे?"

फोन स्पीकरवर होता.

सही करतानासुद्धा एकेक अक्षर आठवावं लागणाऱ्या सारजाबाईनं हातातला कांदा खाली ठेवला नाही. मारुतीच्या देवळामागं, वीटभट्टीच्या शेजारी, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, असा अख्खा पत्ता तिनं पिनकोडसकट एका दमात सांगितला.