ब्रॅम्बलचे कान

"ब्रॅम्बलला आता घरी चुलीपाशी ठेव," गाडीचं दार हळूच लावत सिरिल म्हणाला. "शिकारीच्या हंगामाची शेवटची सकाळ आहे. आजही रिकाम्या हातानं आलास, तर सप्टेंबरपासून माझी टेस घेऊन जायची. कबूल?"

"काय?"

"कबूल का, बहिऱ्या!"

"कबूल," एडगर म्हणाला. "आणि ओरडू नकोस. हंस उठतील."

ब्रॅम्बल त्याच्या बुटांपाशी उभी होती. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेली काळी लॅब्रेडोर. आपल्याबद्दलच बोलणं चाललंय हे तिच्या गावीही नव्हतं.

बांधावरून दोघं खाजणात उतरले. सिरिल आपल्या कुत्रीला, टेसला, घेऊन पूर्वेकडच्या ओहळाकडं गेला, हाक पोचणार नाही इतका लांब. एडगर नेहमीच्या जागी आला. ओहळाच्या काठाला पाठ, समोर भरतीनं मागं ठेवलेलं एक डबकं, त्यापलीकडं चिखल आणि समुद्र. वारा अजिबात नव्हता. वारा नसला की रानहंस उंचावरून जातात. नॉरफोकच्या त्या किनाऱ्यावर अशा सकाळी बंदूक घेऊन निघणाऱ्याला बायका हसतात. एडगरची बायको मॉरीनही हसली होती.

एडगरनं बंदूक भरून गुडघ्यांवर आडवी ठेवली आणि ब्रॅम्बलच्या कानांकडं बघू लागला.

तो आभाळाकडं कधी बघतच नसे. बंदुकीच्या आवाजानं त्याचे कान केव्हाच गेले होते. कानातलं यंत्र पहिल्याच महिन्यात चिखलात पडलं, आणि दुसरं मॉरीन घराबाहेर नेऊ देत नव्हती. त्याची त्याला अडचण नव्हती. चिखलावर बसलेले हंस उठले, की त्यांचा आवाज आधी ब्रॅम्बलला यायचा. तिचे कान उभे राहायचे, एडगर बंदूक उचलायचा. आभाळ त्यानंतर.

या हिवाळ्यात ते कान उभे राहिलेच नाहीत. हंस डोक्यावरून निघून जात आणि एडगरला त्यांच्या शेपट्या दिसत. आधी त्यानं वाऱ्याला दोष दिला, मग चांदण्याला, मग काडतुसांना. मग एकदा स्वयंपाकघरात त्याच्या हातून तिचं भांडं तिच्या मागंच पडलं, आणि तिनं वळून पाहिलं नाही. ते त्यानं मॉरीनला सांगितलं नाही. सिरिलला सांगायची गरज पडली नाही.

तरी त्याची नजर कानांवरच होती. सवय.

उजाडलं. हंसांची पहिली रांग गेली ती फार उंचावरून. दुसरीही तशीच. एवढ्या उंचीवर बार टाकणं म्हणजे पक्षी जखमी करून सोडणं. एडगरनं बंदुकीला हातही लावला नाही. मग आभाळ रिकामं झालं. बोटं गारठली होती. आता काडतुसं काढावीत, असं त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात ब्रॅम्बलचं अंग ताठ झालं.

कान पडलेलेच होते. ती खाली बघत होती, डबक्यात. खेकडा असेल, असं वाटून एडगर वाकला. पाणी काचेसारखं होतं, आणि त्यात गुलाबी आभाळ होतं. त्या आभाळात तीन हंस येत होते. मागं राहिलेले असावेत. उलटे, खालून, सावकाश पंख मारत डबक्याच्या समुद्राकडच्या काठावरून ते अलीकडं सरकत होते. ब्रॅम्बलची नजर त्यांच्याबरोबर सरकत होती. ते अलीकडच्या काठाशी पोचले आणि तिनं मान वर केली.

ते बरोबर तिथंच होते, डोक्यावर. पंखांचा वारा एडगरच्या टोपीला लागला. पण त्यानं वर पाहिलं नाही. तो तिचं तोंड बघत होता.

हंस बांध ओलांडून बटाट्याच्या शेतांकडं गेले. ब्रॅम्बलनं वळून एडगरकडं पाहिलं, पहिल्या हंगामात पाहायची तसं. झालं का? जाऊ का?

एडगर एकटाच हसत सुटला. मग त्यानं बंदूक उघडून काडतुसं खिशात टाकली.

सिरिल बांधावर थर्मास उघडून बसला होता. टेस गाडीत झोपली होती. सिरिलच्या हातीही काही लागलं नव्हतं.

"तीन होते!" तो लांबूनच ओरडला. "तुझ्या डोक्यावरनं गेले! काठी उगारली असतीस तरी पडले असते! झोपला होतास का?"

"नाही."

"मग ठरलं. सप्टेंबरपासून टेस."

"ठरलं काय?" एडगरनं त्याच्या हातातला चहा घेतला. "हिनं सांगितलं होतं मला. वेळेवर सांगितलं. बार मी टाकला नाही. कुणाला चुलीपाशी ठेवायचंच असेल तर मला ठेव."

"सांगितलं? ही? दगडासारखी बहिरी आहे ती!"

एडगरनं घोट घेतला. चहा गरम होता. सिरिल त्यात नेहमी जास्त साखर घालायचा, आज तीही चांगली लागली.

गाडीच्या चाकापाशी पाणी साचलं होतं. ब्रॅम्बल त्याच्यापुढं जाऊन बसली आणि आत बघू लागली. सिरिलनं तिच्याकडं पाहिलं, मग एडगरकडं. मग गुडघ्यांवर हात ठेवून तोही वाकला.

"काही दिसत नाहीये," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"बाजूला हो," एडगर म्हणाला. "सावली पडतेय तुझी."