सोपी वाट, एक तास

बाकावर कोणीच नव्हतं. त्याने बाकाखालीसुद्धा वाकून पाहिलं, बायको तिथे मावणार नाही हे माहीत असूनही. छातीवरच्या झोळीतली त्याची लेक मुंगी त्याच्याबरोबर वाकली आणि खुदकन हसली. पाच महिन्यांच्या माणसाला बापाचा कुठलाही खुळेपणा चालतो.

ठरलं होतं ते असं. राखीव जंगलातली ही गोल वाट, फाटकावरच्या पाटीप्रमाणे सोपी, एका तासाची. त्याने मुलीला घेऊन डावीकडून निघायचं, बायकोने उजवीकडून, आणि बरोबर अर्ध्यावर, तळ्याकाठच्या बाकावर भेटायचं. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला अर्धा तास एकटीने चालायला मिळणार होतं. कल्पना तिचीच. भेटल्यावर ती मुंगीला पाजणार होती. पिशवीतली दुधाची बाटली नुसती सोबतीला, कारण मुंगी बाटलीला तोंड लावत नसे. बायकोने काढून ठेवलेलं दूध त्याने पाजून पाहिलं, आत्याने पाहिलं, शेजारच्या काकूंनी तर गाणी म्हणत पाहिलं. मुंगी नाक वर करून हुंगायची. बंद दाराआड आई आहे हे तिला कळायचं, आणि ओठ घट्ट मिटायची. सोमवारी आईची रजा संपत होती. मुंगीने बाटली धरली नाही, तर आईला नोकरी सोडावी लागणार होती. गुरुवारपासून दोघांनी घरात हा विषय काढणंच बंद केलं होतं.

दहा मिनिटं गेली. फोनला रेंज नव्हती. बायको भूमापन कार्यालयात नकाशे काढायची. अनोळखी शहरात, बिनखिडकीच्या खोलीत बसूनही उत्तर दिशा कुठे ते सांगायची. अशी बाई गोल वाटेवर चुकणार कशी?

मग मुंगीला भूक लागली. आधी कुरकुर, मग तिने जंगल डोक्यावर घेतलं. तळ्यातले बगळे उडाले. पलीकडे तिवईवर दुर्बीण लावून बसलेले एक आजोबा उठून आले. सकाळपासून एका पक्ष्याची वाट पाहत होतो, म्हणाले, आता या तळ्यावर आपण तिघंच उरलोय. त्याने माफी मागितली. आजोबांनी पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बोट दाखवलं. ही बाटलीने पीत नाही हो, तो म्हणाला.

“तिला विचारलंत का?”

त्याला विचारायची एकच पद्धत येत होती. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांपुढे भिंगं बदलायची आणि तोच प्रश्न करायचा. बाकावर बसून त्याने बाटली मुंगीपुढे धरली. असं बरं वाटतं, त्याने बाटली जराशी तिरकी केली, की असं?

मुंगी रडायची थांबली. तिने नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. वारा तळ्यावरून येत होता. शेवाळाचा वास, चिखलाचा वास, आजोबांच्या जुन्या कोटाचा वास. आई कुठेच नव्हती. बापाने बाटली पुन्हा फिरवली. की असं? मुंगीने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही मुठींनी बाटली ओढली आणि तोंडात घातली.

गटक्. गटक्. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि बाटलीत फेसाचा शेवटचा बुडबुडा उरेपर्यंत ते तसेच उभे राहिले. मुंगीने ढेकर दिली. ती मात्र सगळ्या तळ्याला ऐकू गेली असेल.

त्याला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. त्याने आजोबांचा हात हातात घेऊन हलवला, मग त्यांच्या तिवईचा पाय हलवला. बायको चुकली असेल तर फाटकावर भेटेलच, गोल वाट शेवटी तिथेच जाते. तो निघाला. वाटेवर आकडे घातलेले खांब होते. सातव्या खांबाला त्याने सांगितलं, ही प्यायली. आठव्यालाही सांगितलं. समोरून धापा टाकत पळत येणाऱ्या दोन मुलींना सांगितलं, तर त्यांनी काय ते न कळताच अभिनंदन केलं आणि पळता पळता मागे वळून हात हलवले. नवव्या खांबापाशी त्याला नाचावंसं वाटलं. तो नाचला. मुंगी झोळीतून त्याच्या हनुवटीवर डोकं आपटत खिदळत राहिली.

तो फाटकाच्या पायरीवर बसला आणि दोनच मिनिटांत बायको आली, तो जिथून बाहेर पडला होता तिथूनच. गाल लाल, केसांत पानं, गुडघ्यापर्यंत कुसळं, ओढणी छातीवर आवळून घेतलेली.

“चुकले रे,” ती म्हणाली. “पाण्याची बाटली भरायला परत फिरले आणि तुझीच वाट धरली. मग फुलं बघत खूप मागे राहिले. काही ऐकूसुद्धा आलं नाही.”

त्याने रिकामी दुधाची बाटली तिच्या हातात दिली. तिने ती उलटी धरून उजेडात पाहिली. हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग त्याचं सुरू झालं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण असा मोका त्याला कधी मिळाला नव्हता. नकाशे काढणारी बाई गोल वाटेवर चुकते, तो म्हणाला, हे तुझ्या साहेबांना लेखी कळवायला हवं. सोमवारी मीच येतो पत्र घेऊन. तुला टेबलापर्यंत सोडायलाही कोणी लागेल. ती सगळ्याला मान डोलवत गेली. एका शब्दाने वाद घातला नाही.

मुंगीने आईकडे झेप घेतली. तिला घ्यायला बायकोने हात पुढे केले, तशी ओढणी घसरली. तिच्या कुर्त्यावर समोर दोन मोठे ओले डाग होते.

तिला पान्हा असा उगीच फुटत नसे. त्यासाठी मुंगी रडताना ऐकू यावी लागे, तीही अगदी जवळून.