डालग्याखालचे आठ दिवस

बाजारातून आणलेली सहा पिल्लं थेट अंगणातल्या कोंबड्यांत सोडायला रखमाजीने खोकं उघडलं, तशी त्याची लेक शेवंती ओरडली, "आबा, टोचून मारतील ना त्या!"

बारा वर्षांची पोर, पण आई गेल्यापासून कोंबड्या तीच सांभाळायची. तिने अंगणाच्या मधोमध बांबूचं विरळ विणीचं डालगं पालथं घालून पिल्लं झाकली. दाणे आत टाकले, भोवतीही टाकले. "आठ दिवस एकमेकांना बघत खाऊ देत. मग सोडू."

रखमाजीने रिकामं खोकं उचलून बाजूला ठेवलं. परवाच त्याने दुसरी बायको आणि तिची चार वर्षांची मंजी अशीच एकदम घरात आणली होती. तेव्हापासून शेवंती त्या पोरीशी अवाक्षर बोलली नव्हती, आणि मंजी दाराआडून हलली नव्हती.

नवव्या दिवशी शेवंतीने डालगं उचललं. म्हातारी तांबडी कोंबडी तडक आली आणि तिने एका पिल्लाच्या डोक्यात चोच हाणली. रखमाजी धावला.

"थांबा आबा! एकदा टोचतेच ती. आपण थोरली ते सांगते, मग नाही टोचत."

खरंच, तांबडी बाजूला झाली आणि पिल्लं तिच्या पायांशी दाणे टिपू लागली. शेवंती बराच वेळ बघत राहिली. मग दाण्यांची वाटी घेऊन दाराशी गेली.

"मंजे, मी एकदाच चिमटा काढीन हं. मग नाही."

मंजीने थोडा विचार केला, फ्रॉकची बाही वर सारली आणि हात पुढे केला.